लाल चिठ्ठीवरचा शब्द

नाकोबांच्या घरी दारामागच्या खिळ्याला एक लाकडी मोगरी टांगलेली आहे. मुठीएवढं डोकं, वीतभर दांडा, आणि दांड्याला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी. ही चिठ्ठी कधीकाळी लाल होती. आता तिचा रंग उडून फिकट गुलाबी झालाय, पण तिच्यावर छापलेला इंग्रजी शब्द अजून वाचता येतो. पाहुणे विचारतात, "हे काय?" बायको आतून ओरडते, "ते त्यांचं प्रशस्तिपत्र आहे! खरं कपाटात ठेवलंय, हे लावलंय भिंतीवर."

दूधकेंद्रावर त्यांना सगळे नाकोबाच म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते बिचारं तिथेच राहिलं. नाक दिसायला काही विशेष नव्हतं. उलट जरा बसकंच. "धारदार नाकाची माणसं मी पुष्कळ पाहिली," बायको म्हणायची, "पण माळ्यावर उंदीर मेलाय हे तो मरायच्या आदल्या दिवशी सांगणारा हा एकच."

त्यांचं काम ऐकणाऱ्याला हसू येईल असं होतं. सकाळी साडेपाचला आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून दुधाचे कॅन यायला लागत. सिमेंटच्या लांब ओट्यावर ते ओळीने लागत. ओट्याच्या अलीकडे एक पिवळी रेघ मारलेली होती. दूध आणणाऱ्यांनी तिच्या बाहेर उभं राहायचं. रेघेच्या आत नाकोबा. झाकण काढायचं, काढल्याबरोबर उलटं करायचं आणि नाकाशी धरायचं. वास दुधात कमी असतो, झाकणात जास्त. वाटेत कोंडलेला सगळा वास झाकणाच्या पोटात जाऊन बसतो. एका झाकणाला दोन श्वास. तीनशे कॅन, दीड तास. या दीड तासासाठी माणसाने उरलेला दिवस सांभाळला होता. सकाळी साबण नाही, डोक्याला तेल नाही, कांदा तर रात्रीपासून बंद. कुणी अत्तर लावून शेजारी बसलं, तर हे उठून खिडकीशी जात. लोकांना वाटे, हा माणूस नाक फार मुरडतो. तो ते फक्त जपत होता.

दूध चांगलं असेल तर चिठ्ठी नाही. आंबलं असेल तर पिवळी. ते दूध वेगळ्या टाकीत जाई. आणि लाल लागली, तर कॅन तिथेच आडवा करून दूध सरळ गटारात. लाल चिठ्ठीवर एकच शब्द छापलेला होता: प्युट्रिड. फाटकाजवळच्या फळ्यावर त्या दिवशीचे लाल नंबर खडूने लिहिले जात. एका मोसमात तीन लाल झाल्या, की तो नंबर केंद्रातून कायमचा पुसला जाई.

हा शब्द त्यांना शिकवला थोरल्या साहेबांनी. थोरले साहेब म्हणजे केंद्राचे पहिले रसायनतज्ज्ञ; बारीक, चष्मेवाले, बोलताना पेन्सिलीने टेबल ठोकणारे. नाकोबा तेव्हा तेवीस वर्षांचे होते आणि समोर येईल त्या वासाला ‘घाण’ म्हणत. पहिल्याच दिवशी साहेबांनी त्यांना थांबवलं.

"घाण म्हणजे कसली? आपल्या भाषेत वासाला शब्द कमी आहेत का रे? आंबूस आहे, खवट आहे, कुबट आहे, करपट, ओशट, हिरवट, उग्र. एवढं भांडार असून ‘घाण’ म्हणतोस, म्हणजे घरात पंधरा भांडी असून सगळं परातीत जेवण्यासारखं झालं."

मग त्यांनी लाल चिठ्ठी पुढे ठेवली.

"आंबणं हा दुधाचा स्वभाव आहे. उशीर झाला, ऊन लागलं, आंबलं. त्यात कुणाचा गुन्हा नाही. खवटपणा म्हणजे चरबीचं म्हातारपण. पण हा शब्द कुजण्याचा आहे. कुजायला मळ लागतो, आणि तो मळ कुणीतरी राहू दिलेला असतो. म्हणजे ही चिठ्ठी लावलीस की तू दुधाबद्दल बोलत नाहीस, माणसाबद्दल बोलतोस. म्हणून हिच्याआधी तीन वास घ्यायचे. एक झाकणाचा. दुसरा कॅनच्या तोंडाचा. तिसरा स्वतःच्या हाताचा."

"हाताचा कशाला, साहेब?"

"सकाळपासून तू काय काय धरलंयस, मला काय ठाऊक?"

नाकोबा हसले. पण पहिली काही वर्षं तीनही वास न चुकता घेतले. पुढे दोनवर आले. अनुभव वाढत गेला, तसे वास कमी होत गेले.

शब्दाची मात्र त्यांनी कधी हेळसांड केली नाही. घरी बायकोने कालची भाजी हुंगून "ही तुमची प्युट्रिड झाली वाटतं" असं म्हटलं, तर हे म्हणत, "शिळी म्हण. फार तर आंबली म्हण. तो शब्द असा भाजीवर उडवायचा नाही." मुलीला शाळेत इंग्रजी सुरू झालं. एकदा ती चिडून घरी आली आणि म्हणाली, "आमच्या बाकावरची ती मुलगी अगदी प्युट्रिड आहे." नाकोबांनी पेपर खाली ठेवला.

"माणसाला हा शब्द लावायचा नाही."

"पण बाबा, शब्दकोशात दिलंय! कुजलेलं, सडलेलं, आणि पुढे वागणुकीलासुद्धा म्हणतात असं लिहिलंय."

"शब्दकोशाला सकाळी कॅन उघडावे लागत नाहीत," नाकोबा म्हणाले.

थोरले साहेब निवृत्त झाले, त्या दिवशी त्यांनी नाकोबांना आपली मोगरी दिली. त्या वेळचे कॅन लोखंडी, कल्हईचे. त्यांचं झाकण गच्च बसे. कडेला दोन ठोके दिल्याशिवाय निघत नसे. लोखंडी हातोडीने पोचे पडतात, म्हणून लाकडी मोगरी. पुढे पकडीचे नवे कॅन आले. अंगठ्याने दाबलं की झाकण उघडे. हळूहळू सगळ्यांनी जुने कॅन बदलले. उरला एकच, नंबर एक्केचाळीसचा. त्या एका कॅनसाठी मोगरी टेबलाच्या खणात राही. दिवसातून एकदा बाहेर येई, दोन ठोके देई आणि परत खणात जाई.

एक्केचाळीस नंबर म्हणजे वहिनी. त्यांचे यजमान नाकोबांचे मित्र. केंद्र सुरू झालं त्या पहिल्या सकाळी सायकलला कॅन बांधून जे चौघेजण आले, त्यांतला हा एक. वाटेत सायकल घसरून कॅनला एका बाजूला पोचा आला होता, आणि "दुधाला नाही ना लागलं?" असं विचारत तो ओट्यावर चढला होता. सात वर्षांपूर्वी तो गेला. दूध वहिनी आणू लागल्या, त्याच कॅनमधून. मॅनेजरांनी तीनदा सांगून पाहिलं, नवा घ्या. वहिनी म्हणाल्या, "सायकल बदलली, गाय बदलली, घरातला माणूस तर राहिलाच नाही. डबा तरी राहू दे की." इतक्या वर्षांत त्या नंबरला लाल सोडाच, पिवळीसुद्धा लागली नव्हती. दर आठवड्याला कामावरून घरी जाताना नाकोबा त्यांच्या ओसरीवर चहा घेत. चहात दूध जास्त असे, आणि ते दूध कसं आहे हे सांगायची गरज कधी पडली नाही.

नाकोबांच्या निवृत्तीला एक महिना राहिला होता. उन्हाळा सुरू झालेला. मोगरीच्या डोक्याला एक चीर गेली. मुलाचं बोट कापावं आणि आपण घाबरून पट्टी बांधावी, तशी नाकोबांनी त्या चिरेवर सुती पट्टी गच्च गुंडाळली. एवढा महिना तरी टिकू दे, असं त्यांच्या मनात होतं.

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी त्यांनी एक्केचाळीसच्या झाकणाला दोन ठोके दिले, मोगरी काखेत धरली, झाकण उलटं करून नाकाशी नेलं, आणि थबकले. आंबूस नव्हे. खवट नव्हे. कुजकट. त्यांनी पुन्हा वास घेतला. तोच.

"वहिनी," त्यांनी हळू आवाजात विचारलं, "डबा नीट धुतला होता ना?"

"म्हणजे काय, भाऊजी? न धुता आणीन?"

मागे रांग खोळंबली होती. नाकोबांचा हात लाल चिठ्ठ्यांच्या गड्ड्याकडे गेला. कॅन आडवा झाला. पांढरी धार गटारातून वळण घेत फाटकाकडे गेली, आणि वहिनी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिल्या. पदर कमरेला खोचून, रिकामा कॅन उचलून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या हात लाल घेऊनच. सोडा घातलेल्या उकळत्या पाण्याने कॅन चारदा घासला होता, दिवसभर उन्हात पालथा घातला होता. नाकोबांनी मोगरी काढली, ठोके दिले, झाकण उलटं केलं. कालच्यापेक्षा जास्त. त्यांचा आपल्या नाकावर विश्वास बसेना, म्हणून त्यांनी वजनकाट्यावरच्या माणसाला हाक मारली.

"हे बघ रे जरा."

काटेवाल्याने झाकणात नाक घातलं, मग नाकोबांच्या तोंडाकडे पाहिलं. "येतोय की. तुम्हाला येतोय म्हणजे असणारच."

"मला द्या ते झाकण," वहिनी रेघेबाहेरून म्हणाल्या. त्यांनी खोल श्वास घेतला. "लोखंडाचा वास आहे. दुसरं काही नाही."

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. माणसाला आपल्या घरचा वास कधी येत नाही."

वहिनींनी झाकण त्यांच्या हातात परत दिलं. "इतकी वर्षं माझ्या ओसरीवर चहा प्यायलात, भाऊजी. तुम्हाला तर आला असता?"

रांगेतून बासष्ट नंबर फिदीफिदी हसला. "मावशी, डब्यात गोठा धुतला काय?" तो दुधात पाणी घालत असावा असा सगळ्यांचा कयास होता, पण पाण्याला वास नसतो.

फळ्यावर दुसऱ्यांदा एक्केचाळीस लिहिलं गेलं. मॅनेजर खुर्चीतूनच म्हणाले, "उद्या तिसरी लागली तर नंबर जाईल. काय करणार, नियम आहे. त्या जुनाट लोखंडातूनही सुटका होईल एकदाची."

नाकोबा घरी आले. बायकोने ऐकलं आणि हातातलं काम थांबवलं.

"त्यांच्या डब्याला? अहो, त्या बाईच्या अंगणात सांडलेलं उचलून खावं!"

"माझं नाक मला खोटं सांगत नाही."

"मग नाकालाच विचारा, यापुढे त्यांच्याकडे चहाला जायला तोंड कुठलं आणायचं."

तिसऱ्या दिवशी बातमी पसरलेली होती. दूध घालून झालेली माणसंही रेंगाळत उभी होती. वहिनी आल्या. लांबून कॅन दिसताच नाकोबांचा हात सवयीने खणाकडे गेला. खण अर्धा उघडला आणि ते थांबले. कॅनवर झाकणच नव्हतं. तोंडाला धुतलेलं पांढरं फडकं दोरीने बांधलं होतं. झाकण वहिनींच्या हातात होतं.

"आज बसवलंच नाही," त्या म्हणाल्या. "कुजतं ते दुधात का झाकणात, एकदा कळू दे."

नाकोबांनी खण बंद केला. फडकं सोडलं, वाकले. कोमट, किंचित हिरवट, गोडसर. दूध. नुसतं दूध. झाकण मागून घेतलं. लोखंड आणि सोडा. त्यांनी दोन्हीकडे पुन्हा पुन्हा वास घेतला.

"चांगलं आहे," ते म्हणाले.

"सुटल्या बाई!" काटेवाल्याने कॅन ओढून काट्यावर घेतला.

"लाल रंग दिसला की डबे कसे आपोआप स्वच्छ निघतात बघा," बासष्ट नंबर म्हणाला, आणि लोक हसले. वहिनी हसल्या नाहीत. नंबर वाचला होता, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

"म्हणजे दोन दिवस मी घाणेरडीच होते, असं ठरलं ना, भाऊजी?"

काहीतरी करायचं म्हणून नाकोबांनी लाल चिठ्ठ्यांचा गड्डा खणात टाकायला घेतला. एरवी खण उघडताना त्यांचं नाक समोरच्या कॅनकडे असे. या वेळी खण पुरता उघडून ते आत वाकले, आणि भपकारा आला.

तो कालचाच वास होता. परवाचाही.

त्यांनी मोगरी उचलली. पट्टीचं टोक सुटेना. दातांनी सोडवावं तर तोंडाजवळ नेववेना. शेवटी नखाने ती उलगडली. आत चिरेपाशी दूध साकळून पिवळं-काळं झालं होतं. रोज ठोका देताना झाकणाच्या कडेचे चार थेंब पट्टीत मुरत होते आणि बंद खणात उरलेला दिवस कुजत होते. तीच मोगरी काखेत, नाकापासून वीतभर अंतरावर धरून ते एका बाईच्या डब्याचा वास घेत होते.

त्यांनी उजवा हात नाकाशी नेला. तिसरा वास. किती वर्षांनी घेतला, त्यांना आठवेना. पेन्सिलीची ठकठक मात्र कानात स्पष्ट ऐकू आली.

हे अजून कुणालाच कळलं नव्हतं. बाजूलाच गटार वाहत होतं. मोगरी त्यात सोडली असती तर काम संपलं असतं. आठ दिवसांनी निरोपसमारंभ होता. मॅनेजरांनी प्रशस्तिपत्र छापायला टाकलं होतं, आणि ‘उभ्या नोकरीत एकही चूक नाही’ हे वाक्य नाकोबांना वाचूनही दाखवलं होतं. ते वाक्य ऐकून घरी जाताना नाकोबा त्या दिवशी जरा हळूच चालले होते, रस्ता लवकर संपू नये म्हणून.

"वहिनी, थांबा," ते म्हणाले. आणि ज्या पिवळ्या रेघेबाहेर कामाच्या वेळी ते कधी गेले नव्हते, ती ओलांडून त्यांच्यासमोर उभे राहिले. मोगरी पुढे केली. "वास घ्या."

वहिनींनी घेतला आणि झटकन मान मागे नेली. "अगंबाई! हे काय हो?"

"हे माझं. तुमच्या डब्याला दोन दिवस येत होता तो हाच. तुमचा डबा स्वच्छ होता. मोगरी कुजली होती, आणि ती मी जपून ठेवली होती." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, वर्गात मुलं उभी राहून धडा म्हणतात तसं, त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं.

कुणीच हसलं नाही. मग बासष्ट नंबर म्हणाला, "काय नाकोबा, दिव्याखाली अंधार?"

"दिव्याखाली नाही रे. नाकाखाली."

मॅनेजर धावत आले. "अहो, आठ दिवस राहिलेत तुमचे! कशाला गाजावाजा? वहीत ‘तांत्रिक कारण’ लिहू आणि मोकळे होऊ."

"साहेब, तांत्रिक कारणाला वास येत नाही," नाकोबा म्हणाले.

त्यांनी वही उघडली. एक्केचाळीस नंबरच्या दोन्ही नोंदींवर आडवी रेघ मारून सही केली. मग नवी ओळ घेतली. नंबराच्या रकान्यात लिहिलं, ‘परीक्षकाची मोगरी’, आणि शेऱ्याच्या रकान्यात तो इंग्रजी शब्द, स्वतःच्या हाताने, एकेक अक्षर सुटं काढून. गड्ड्यातली एक लाल चिठ्ठी मोगरीच्या दांड्याला बांधली आणि ती ओट्यावरच्या खिळ्याला टांगली, सगळ्यांना दिसेल अशी. फळ्यावर नंबराऐवजी आपलं नाव लिहिलं, पगाराच्या कागदावरचं. दोघाचौघांनी एकमेकांना विचारलं, "हा कोण?"

गटारातून गेलेलं दोन दिवसांचं दूध मात्र परत येणार नव्हतं. वहिनी रिकामा कॅन घेऊन गेल्या, आणि नाकोबांना वाटलं, ओसरीवरचा चहाही त्याच धारेबरोबर गेला.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला एक्केचाळीसचा कॅन ओट्यावर आला. पोचा बाहेरच्या बाजूला, झाकण पूर्वीसारखं गच्च बसवलेलं. नाकोबांनी खणाकडे पाहिलं, मग खिळ्याकडे. मोकळ्या हातांनी झाकण ओढून पाहिलं. ते हललं नाही.

"वहिनी, आता ठोकायला माझ्याकडे काही नाही."

वहिनींनी पिशवीत हात घातला आणि स्वयंपाकघरातला लाकडी बत्ता काढला. खलातला, वापरून गुळगुळीत झालेला. रेघेवरून हात लांब करून त्यांनी तो पुढे धरला.

"माझ्या घरचा आहे. आधी हुंगून घ्या."

नाकोबांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि हुंगला. घाई न करता, दोन श्वास. मग बत्ता काखेत न धरता ओट्यावर ठेवला आणि स्वतःचे दोन्ही तळवे नाकाशी नेले. मागून रांगेतलं कुणीतरी ओरडलं, "आटपा हो!"

"कसला येतोय?" वहिनींनी विचारलं.

"लाकडाचा. थोडा जिऱ्याचा."

"मग ठोका," वहिनी म्हणाल्या. "आणि जाताना बत्ता आठवणीने घरी आणून द्या. चहाला आधण ठेवते."